आयत्या वेळचा विषय

आमच्या आईनं आयुष्यात चार राजवटी पाहिल्या आणि त्यासाठी तिला घराच्या ओट्यावरून उठावंदेखील लागलं नाही. ती जन्मली तेव्हा निजामाचं राज्य होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपलं आणि हैदराबाद राज्य भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. आईचं माहेर चारठाण्याचं आणि सासरही चारठाण्याचंच. मध्ये फक्त दोन गल्ल्या. या दोन गल्ल्यांचा प्रवास सोडला तर ती जागची हलली नाही. सरकारंच तिच्या दारावरून ये-जा करीत राहिली. पुढं १ मे १९९९ ला आमच्या परभणी जिल्ह्यातले पाच तालुके काढून हिंगोली जिल्हा केला, तेव्हा तर खुद्द औंढ्याच्या नागनाथाची बदली झाली. देव जागच्या जागी आणि जिल्हा मात्र दुसरा! त्यांच्याकडं कुणी 'ना हरकत' दाखला मागितला नाही, की देखभाल शुल्काची पावती मागितली नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण असं, की एवढ्या उलथापालथी बसल्या जागी पाहिलेल्या या बाईला पुण्यातल्या आमच्या सहकारी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायचं होतं. अंतर पायऱ्या चोपन्न. अर्ज गुढीपाडव्याला दिला. आता माघ चालू आहे. विषय 'विचाराधीन' आहे.

आता तुम्ही म्हणाल, तळमजल्यावर काय फुकट यायचं होतं? नाही हो. सगळं रीतसर होतं. आमची इमारत जुनी, लिफ्ट नसलेली. आईचे गुडघे तर इमारतीपेक्षाही जुने. वडील गेल्यावर तिला चारठाण्याहून पुण्याला आणलं, तेव्हा तिला जिना चढायला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर ती बसे आणि विचारी, "आरं, आनखी किती हाय? वर काय देवस्थान हाय का?" मी म्हणे, "झालं, आता एकच मजला." देवाच्या डोंगरावर जाणाऱ्या म्हाताऱ्यांना पोरं असंच फसवत नेतात. पण तिथं निदान वर देव तरी भेटतो. आमच्या इथं वर आमचा फ्लॅट.

नेमकं त्याच इमारतीत तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. त्यांचं दुःख अगदी आमच्या उलटं. खिडकी उघडली की समोर स्कूटरची सायलेन्सर, उजेड नाही, वारा नाही, आणि दिवसातून दहा माणसं दार वाजवून "सेक्रेटरी कुठं राहतात?" म्हणून विचारतात. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काका, तुमच्याकडं ऊन येतं का हो?"

"ऊन?" मी म्हणालो, "उन्हाळ्यात इतकं येतं, की त्याच्याकडून भाडं घ्यावं असं वाटतं."

झालं! दहा मिनिटांत, एका चहात, आमची फ्लॅटची अदलाबदल ठरली. दोन्ही फ्लॅट एकाच नकाशातले. त्यांच्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा आमच्यासारखाच, चुकीच्या बाजूला. देणं ना घेणं. दस्त करायचा, मुद्रांक शुल्क भरायचं, नोंदणी करायची आणि सोसायटीनं आपल्या वहीत दोन नावं इकडची तिकडं लिहायची. त्या मुलाच्या फ्लॅटवर कर्ज असल्यामुळं बँकेला सोसायटीचं एक पत्र हवं होतं. एक कागद, एक सही, एक शिक्का. आमची ही तर त्याच रात्री खालच्या खिडकीच्या पडद्यांचं माप घेऊन आली. बायकांचा माणुसकीवर फार लवकर विश्वास बसतो.

पहिल्या महिन्याची कमिटीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसऱ्या महिन्यात पाण्याचा पंप जळाला, त्यामुळं सभेत फक्त पंपाबद्दल शोक व्यक्त झाला. तिसऱ्या महिन्यात मात्र आमचा अर्ज वाचला गेला आणि खजिनदारांनी चष्मा काढून एक शब्द उच्चारला, "पायंडा."

पायंडा हा शब्द उच्चारला की सहकार क्षेत्रात सगळे गंभीर होतात. "आज यांना खाली येऊ दिलं, की उद्या सगळेच म्हातारे खाली यायचं म्हणतील."

"साहेब," मी म्हणालो, "खाली फ्लॅट चारच आहेत. आणि मी कुणाला हुसकून खाली येत नाहीये. जो खाली आहे त्यालाच वर जायचंय."

"आज जायचंय हो! उद्या त्याला पुन्हा खाली यावंसं वाटलं तर?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उद्या त्याला काय वाटेल हे मला काय, त्याच्या बायकोलाही सांगता येणार नाही.

चौथ्या महिन्यात 'कायदेशीर सल्ला' घ्यायचं ठरलं. सल्लागार निघाले खजिनदारांचे मेहुणे, आणि ते निघाले इन्कमटॅक्सचे. पाचव्या महिन्यात चेअरमननी मला बाजूला घेतलं. एरवी ते मला मध्ये घेतात, त्यामुळं मी सावध झालो. म्हणाले, "अहो, इमारतीला रंग द्यायचाय. तुम्ही स्वेच्छेनं काही देणगी दिलीत, तर सभासदांचं मत अनुकूल होईल." यातली स्वेच्छा त्यांची होती आणि देणगी माझी होती.

आणि मग आली वार्षिक सर्वसाधारण सभा. ही ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून घेतात. विषयपत्रिकेवर नऊ विषय. मी एकेक विषय बोटानं खाली सरकत वाचला. माझा कुठंच नाही. सेक्रेटरींना विचारलं तर ते प्रसन्न हसून म्हणाले, "नववा बघा की!" नववा विषय होता, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.

सहा महिन्यांपूर्वी दिलेला अर्ज आयत्या वेळचा! या हिशेबानं आमच्या चारठाण्याची मंदिरं म्हणजे नवीन बांधकामच म्हणायची. तिथलं गोकुळेश्वराचं मंदिर यादवांच्या काळातलं आहे. गावात एक नक्षीचा उंच दगडी स्तंभही उभा आहे. त्याला कुणी दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ, कुणी विजयस्तंभ. नावाचा निकाल लागेपर्यंत तो थांबून राहिलेला नाही, उभा आहे तो आहेच. त्या दिवशी सभेत मला त्या स्तंभाची फार आठवण झाली, कारण मीही दोन तास उभाच होतो. चौथ्या विषयावर, म्हणजे जिन्यात कुत्रं फिरवावं की नाही यावर, दीड तास चर्चा झाली. पाचव्यावर दोघांचं भांडण झालं. आठव्याला कुणीतरी ओरडलं, "वडे गार व्हायलेत!" आणि सभा उठली. नववा विषय वड्यांबरोबर संपला.

आता थोडं कायद्याचं बोलतो. घाबरू नका, मी वकील नाही. पण गेल्या अकरा महिन्यांत माझं इतकं वाचन झालं आहे, की खजिनदारांच्या मेहुण्यांना मी सल्ला देऊ शकेन. आपल्याकडं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा आहे. त्यानं सभासदत्वाच्या अर्जाला तीन महिन्यांची मुदत घातली आहे. तेवढ्यात सोसायटीनं निर्णय कळवला नाही, तर अर्जदार 'मानीव' सभासद होतो, आणि त्यावर वाद झालाच तर निबंधक निकाल देतात. म्हणजे परका माणूस दारात आला, तर त्यालासुद्धा तीन महिन्यांत उत्तर मिळालं पाहिजे. आम्ही दोघं तर घरचेच. शासनाचे आदर्श उपविधी आहेत, त्यांत सभासदांच्या आपसांतल्या सदनिका-अदलाबदलीचा वेगळा विचार केलेला आहे. याचा अर्थ आमच्यासारखे वेडे आधीही होऊन गेले. शेअर हस्तांतरणाला सोसायटीचं 'ना हरकत' लागतच नाही, असंही हे उपविधी सांगतात. मात्र कुणाला ते हवं असेल, तर त्यानं अर्ज करावा आणि कमिटीनं महिन्याभरात विचार करावा. महापालिकेच्या हद्दीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २००१ सालीच पंचवीस हजार रुपयांवर बांधून टाकली; आणि सभासदांच्या आपसांतल्या अदलाबदलीला तर ते अधिमूल्यही लागू नाही. तरी रंग मात्र माझ्याच खिशातून निघणार होता!

म्हणजे नियम नाहीत अशी माझी तक्रार नाहीच. नियम चांगले आहेत, सविस्तर आहेत, मराठीतही मिळतात. माझी तक्रार 'बघू' या शब्दाबद्दल आहे.

'नाही' हा शब्द मला चालतो. कटू आहे, पण प्रामाणिक आहे. 'नाही' कागदावर लिहिता येतं, त्याखाली सही होते, आणि तो कागद घेऊन उपनिबंधकांच्या कचेरीत जाता येतं. 'नाही'विरुद्ध दाद मागता येते. 'बघू'विरुद्ध कुठं जाणार? 'बघू'ला जावक क्रमांक नसतो. 'बघू' म्हणणारा माणूस वाईटही ठरत नाही. उलट जिन्यात भेटला की आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो. ज्याच्या एका सहीसाठी ती वर अडकली आहे, तोच तिला कोणतं तेल चोळावं हे सांगतो! कायदा करणाऱ्यांना ही 'बघू'ची जात ठाऊक होती, म्हणून तर त्यांनी 'मानीव' हा शब्द शोधून काढला. तुम्ही बोललाच नाहीत, तर 'हो' म्हणालात असं आम्ही मानू! एवढा शहाणा शब्द मराठी कायद्यात दुसरा नसेल.

यावर कमिटीचं म्हणणं ठरलेलं असतं, "आम्ही मानद आहोत. पगार नाही, शिव्या आहेत. घरची कामं सांभाळून हे करतो." ते खरं आहे. पाणी आलं नाही की रात्री अकराला त्यांच्याच दाराची बेल वाजते. पण 'नाही' लिहायला जेवढी शाई लागते, तेवढीच 'हो' लिहायला लागते. 'बघू'ला ती लागत नाही एवढंच. फुकट काम करणाऱ्यानं कमी काम करावं, त्याला माझी हरकत नाही. पण दुसऱ्याचा वेळ फुकट समजू नये. माझा वेळ एकवेळ समजा. मी निवृत्त माणूस आहे, माझ्याकडं तो ढिगानं आहे. आईकडं नाही. ऐंशी पार केलेल्या बाईचे अकरा महिने म्हणजे खजिनदारांचे अकरा महिने नव्हेत.

इथवर वाचून माझ्याबद्दल तुमचं मत बरं झालं असेल, तर ते आता थोडं बिघडवतो. चार वर्षांपूर्वी या सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. तेव्हा दुसऱ्या इमारतीतल्या एका बाईंचे यजमान गेले. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर करायचं होतं. नॉमिनेशन होतं, वाद नव्हता, काही नव्हतं. त्या बाईंना मी चार महिने "बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणत राहिलो. का? भागधारकांची वही कपाटावर होती आणि स्टूल मोडलं होतं. शपथेवर सांगतो, दुसरं कारण नव्हतं. शेवटी सर्टिफिकेट दिलं, तेव्हा बाई आभार मानून डिंकाचे लाडू देऊन गेल्या. मी ते खाल्ले. चांगले झाले होते. आज तिसऱ्या मजल्यावर बसून हिशेब करतो, तेव्हा ते लाडू अजून पचलेले नाहीत असं लक्षात येतं.

म्हणूनच माझं भांडण खजिनदारांशी नाही; ते उद्या पायउतार होतील आणि त्यांच्या जागी येणाराही 'बघू'च म्हणेल. सरकारी कचेरीत आपण अर्जदार असतो आणि टेबलापलीकडं सरकार असतं. मनसोक्त शिव्या देता येतात. सोसायटीत टेबलाच्या अलीकडंही आपण आणि पलीकडंही आपणच. मुंबईत गावदेवीला १९१५ साली रावबहादूर तालमकींनी सारस्वतांची गृहनिर्माण सोसायटी उभी केली, ती आपल्याकडची पहिली. एकट्याला जे घर परवडत नाही, ते दहाजणांनी मिळून बांधावं, एवढा साधा तिचा विचार. आज महाराष्ट्रात लाखाच्या वर अशा सोसायट्या आहेत. घर मिळून बांधायला आपण शिकलो. कचेरी मात्र प्रत्येकानं आपापली आत आणली. संस्कृतात 'सहकार' म्हणजे आंबा. शाकुंतलात वनज्योत्स्ना नावाची वेल सहकाराला बिलगते, ती कुणाला न विचारता. आपल्या सहकारात मात्र वेलीनं आधी अर्ज करायचा, आणि आंबा पिकेपर्यंत वाट पाहायची.

दिवाळी झाली आणि एके सकाळी आई म्हणाली, "मला गावाकडं नेऊन घाल."

"अगं, होईल गं. येत्या रविवारी विषय घेणार आहेत."

"तू पाडव्याला बी रविवारच म्हनला व्हतास. कोणता रविवार त्ये सांगितलं न्हाईस." मग थोड्या वेळानं म्हणाली, "सहा महिनं झाले, म्या जमिनीवर पाय ठिवला न्हाई बाबा. फरशीवरच चालायलेय."

त्यावर मी काय बोलणार? सोसायटीतली चार पोरं बोलावली, आईला खुर्चीत बसवलं आणि पोरांनी ती खुर्ची उचलून चोपन्न पायऱ्या खाली आणली. त्यांत एक चेअरमनांचा मुलगा होता. त्यानं ठराव, गणपूर्ती काहीही न विचारता डावा पुढचा पाय धरला. खाली आल्यावर आईनं चपला काढल्या आणि कुंडीजवळच्या ओल्या मातीवर क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात सेक्रेटरी दूध घेऊन आले. "अरेच्चा, आज्जी निघाल्या? अहो, येत्या रविवारी आम्ही घेणारच होतो तुमचा विषय!"

तेव्हा आता माझ्या मागण्या. पहिली गंभीर आहे. प्रत्येक अर्जावर आलेल्या दिवसाचा शिक्का मारा आणि त्याखाली उत्तर कधी देणार ती तारीख लिहा. त्या तारखेला 'हो' म्हणा किंवा 'नाही' म्हणा, पण कागदावर म्हणा. नाही म्हणायचं असेल, तर कारण लिहा. 'पायंडा' हे कारण धरलं जाणार नाही.

दुसरी मागणी तुम्हाला गमतीची वाटेल. माझ्या दृष्टीनं ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. ज्याचा अर्ज, त्याच्या घरी कमिटीची सभा भरवावी. अर्जदार तिसऱ्या मजल्यावर असेल, तर तिसऱ्या मजल्यावर. चहा अर्जदाराचा, वडेसुद्धा अर्जदाराचे, गरम. फक्त एक अट, निर्णय झाल्याखेरीज कुणी खाली उतरायचं नाही. खजिनदारांचे गुडघे मी पाहिले आहेत. अकरा महिने लागणार नाहीत, अकरा मिनिटं पुरतील.

हे मी चारठाण्यात, ओट्यावर बसून लिहितो आहे. महिन्यातले पंधरा दिवस इथं आणि पंधरा दिवस पुण्यात, असा माझा जिना आता जरा लांबलचक झाला आहे. आईची औषधं मी पुण्याहून आणतो. गुडघे काही बरे झाले नाहीत. पण सकाळी काठी टेकत ती शेजारणीच्या दारापर्यंत जाते आणि तिथं तासभर बसते. वाटेत पायरी एकच आहे. खालच्या त्या जोडप्याला अजून ऊन मिळालेलं नाही. काल त्या मुलाचा फोन आला होता. कमिटीची सभा झाली म्हणे.

आईनं ओट्यावरून विचारलं, "काय म्हंतेत?"

"विचार करायलेत," मी म्हणालो.

"करू दे," आई म्हणाली. "सवय नसली की येळ लागतोय."